सातव्या रांगेवरची छत्री

झाडाजवळ जाण्याआधी बाई स्वतःची सावली बघत. ती कुठे पडतेय ते पाहून मग पाऊल टाकत.

पान कापताना श्वास रोखून धरत.

चष्मे दोन. एक डोळ्यांवर, एक केसांत. तरी दिवसातून एकदा, "माझा चष्मा कुणी पाहिला का?"

बर्फाची बादली आली की "आलात? या, या," म्हणत. माणसांचं इतकं अगत्य त्यांनी कधी केलं नाही.

चहा गार झाल्यावरच पीत. आवड म्हणून नव्हे. गरम असेपर्यंत हात मोकळा होत नसे.

लिफ्टमध्ये सेकंद मोजत. मनात, पण ओठ हलत.

बँकेत, दवाखान्यात, कुणाच्याही घरी कुंडी दिसली की एक पान उलटं करून बघत. मग यजमानाकडे अशा नजरेने पाहत की तो ओशाळा होई.

नव्या माणसाचं नाव विचारत नसत. हात पुढे करायला लावत आणि बोटं थरथरतात का ते बघत. माझी थरथरली. "लिहायच्या कामाची आहेत," त्या म्हणाल्या.

बाईंना जाऊन आज एकोणीस दिवस झाले. मला अजून ते खरं वाटत नाही. लिफ्टमधून कुणी ओठ हलवत उतरताना दिसलं की मी थांबतो.

आमची संस्था झाडांवर संशोधन करते. बाई तिथे तेहतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होत्या. मी साहित्याचा पदवीधर. वार्षिक अहवालाची भाषा सुधारायला मला वर्षाच्या करारावर घेतलं होतं. अहवालातलं एक वाक्य मला कळेना म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो. वाक्य हरितलवकातल्या एन्झाइमांबद्दल होतं.

"बस," त्या म्हणाल्या. "पान खातोस ना तू? भाजीतलं?"

"खातो."

"मग तू रुबिस्को खाल्लंयस. तुझ्या वाक्यातलं एन्झाइम ते, पेशीतलं कामकरी प्रथिन. हिरव्या पानात सगळ्यात जास्त तेच. पानातल्या पेशीत हिरवे कण असतात, ती हरितलवकं. त्यांच्यात हे भरलेलं असतं. हवेतला कार्बन पकडायचा आणि साखरेच्या कामाला लावायचा, एवढीच त्याची नोकरी. झाड वाढतं ते ह्याच्या जिवावर."

"म्हणजे फार हुशार."

"हुशार कसलं! मठ्ठ आहे. दुसरी एन्झाइमं सेकंदाला हजारो कामं उरकतात. हे तीन करतं. त्यात कार्बनऐवजी ऑक्सिजनच उचलून आणतं, मग ती चूक निस्तरण्यात झाडाची निम्मी कमाई जाते. म्हणून झाड त्याची नुसती भरती करतं. माणसं खंडीभर, काम गोगलगायीचं, आणि मधूनमधून चुकीची फाईल." त्यांनी आवाज खाली आणला. "आपलं ऑफिसच म्हण ना."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्या विनोद करून लगेच कामाला लागत.

मग त्यांनी मुद्द्याची गोष्ट सांगितली. सावली पडली की रुबिस्को झोपतं. ऊन आलं की त्याला उठवायला दुसरं एक एन्झाइम असतं. त्याचं लांबलचक नाव त्या घेत नसत. "उठवणारी" म्हणत. ही उठवणारी उन्हाने पेटून काम करते, पण फार उकाडा झाला की तिचंच अवसान गळतं. मग पान हिरवंगार दिसतं, ऊन भरपूर असतं, आणि आत सगळे झोपलेले. झाडाची वाढ तिथे खुंटते.

"आणि माझी सातवी," त्या म्हणाल्या, "तिची उठवणारी गळत नाही. निदान मला तसं वाटतं."

सातवी म्हणजे सातवी रांग. चवळीची सोळा झाडं. तिची कथा संस्थेत सगळ्यांना पाठ होती. अकरा वर्षांपूर्वी काचघराचा पंखा बंद पडला आणि सुट्टीमुळे तीन दिवस कुणाला कळलं नाही. आत भट्टी झाली. सगळी रोपं जागच्या जागी थांबली. एक मात्र दोन बोटं वाढलेलं होतं. बाईंनी ते फेकायच्या टोपलीतून उचललं. त्याच्या शेंगा ठेवल्या. दरवर्षी त्याच बियांपासून पुढची झाडं केली. संस्थेत जागा नव्हती तेव्हा घरच्या खिडकीत केली. त्यांची धाकटी बहीण घरी शिवणकाम करते. तिच्या मशीनवर येणारा उजेड त्या कुंड्यांनी अडवला म्हणून दोघींचं दोन वर्षं वाजत होतं. शेवटी आमच्या सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, सातव्या रांगेची जागा दिली. सातवीचं रुबिस्को उकाड्यातही जागं राहतं हे ह्या हंगामात सिद्ध झालं, तर पुढच्या वर्षी बी शेतातल्या चाचणीला जाणार. नाही झालं, तर रांग उपटून जागा दुसऱ्याला.

अकरा वर्षांचं एवढंच मागणं होतं.

नमुने घ्यायचे ते भर दुपारी, सगळ्यात कडक उन्हात. पानाचा नखाएवढा गोल तुकडा कापायचा, नळीत टाकायचा, आणि नळी लगेच द्रवरूप नायट्रोजनच्या थर्मासमध्ये बुडवायची. तीन सेकंदांत. म्हणजे पानात त्या क्षणी जे जागं ते जागंच गोठतं. झोपलेलं झोपलेलंच.

त्या दिवशी बाईंना ताप होता. उभं राहवेना. त्या काचघराच्या दारात स्टुलावर बसून नळ्यांवर नंबर घालत होत्या. मदतनीस रजेवर. मी म्हटलं, मी करतो.

"करशील?" त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. "बरं. एकच लक्षात ठेव. ऊन तोंडावर घ्यायचं. म्हणजे सावली मागे पडते. झाडावर तुझी सावली आली तर सगळं मुसळ केरात."

तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "अहो बाई, कळलं."

सहा रांगा मी नीट केल्या. घामाने शर्ट भिजला होता. सातवीची वेळ व्हायला वीस मिनिटं बाकी होती. रखवालदाराची मोठी काळी छत्री भिंतीला टेकवलेली होती. मी ती उघडली, दांडा दोन कुंड्यांच्या फटीत खोवला आणि खोक्यावर बसून खिशातलं पुस्तक वाचत बसलो. बाईंना दारातून मी दिसत नव्हतो. मध्ये मोठ्या पानांची झाडं होती.

वीस मिनिटं मी वाचलं. सोळा झाडं माझ्याबरोबर सावलीत होती.

मग घड्याळ वाजलं. मी छत्री मिटली आणि ऊन तोंडावर घेऊन, सांगितल्याप्रमाणे, सोळाच्या सोळा तुकडे कापले.

पाच दिवसांनी आकडे आले. शंभरातले जागे किती, असा तो आकडा असतो. साध्या रांगांत पन्नासच्या आगेमागे. सातवीत एकेचाळीस.

बाई आकड्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग मला बोलावलं.

"खरं सांग. तू कुठे उभा होतास?"

"तुम्ही सांगितलं तिथेच."

"ऊन तोंडावर?"

"हो."

हे खोटं नव्हतं. कापताना मी तसाच उभा होतो. छत्रीचं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तेव्हा मला छत्रीची आठवण आली नव्हती, असं मी पुढे स्वतःला बरेच दिवस सांगितलं. आली होती. त्यांनी "कुठे" म्हणताच आली होती. पण त्या आठवड्यात माझ्या कराराचं नूतनीकरण सरांच्या टेबलावर होतं.

"मग माझाच हात चुकला," बाई म्हणाल्या.

आमच्या प्रयोगशाळेत चुकांची एक वही आहे. ज्याची चूक त्याने आपल्या हाताने लिहायची. तारीख, चूक, सही. कारण लिहायचं नाही. सबब तर नाहीच. बाईंनी लिहिलं: "रांग ७. नमुने वाटताना चूक. बहुधा नजर." खाली सही.

नमुने वाटायचं काम त्यांचं होतं. गोठलेला तुकडा बर्फावरच्या चिनी मातीच्या खलात थंड द्रावणाबरोबर वाटायचा. चाळीस सेकंदांत वाटून मोजायला लावायचा. उशीर झाला, खल गरम झाला, की आकडा बिघडतो. तेहतीस वर्षं त्यांच्या खलाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका होता.

आता त्यांनी त्या खलावरच संशय घेतला. नवा आणला. द्रावणं ओतून दिली आणि पुन्हा केली. वजनकाटा तपासायला माणूस बोलावला. मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे खेटे सुरू झाले. एक दिवस तीन चष्मे घेऊन आल्या. सर म्हणाले, "बाई, होतं असं. वय होतं माणसाचं." त्या म्हणाल्या, "माझं झालंय. खलाचं नाही झालं." पण आवाजात जोर नव्हता.

मी रोज बघत होतो. एकवीस दिवस. रोज सकाळी ठरवायचो की आज सांगू. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अहवालात डोकं खुपसून बसायचो. संध्याकाळी वाटायचं, आता इतक्या उशिरा सांगून काय.

बाविसाव्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"साहित्यिक, एक अर्ज लिहून दे. तुझी भाषा बरी आहे."

"कसला?"

"नजर साथ देत नाही, तरी वाटण्याच्या कामातून मला मोकळं करावं. असं काहीतरी. रडकं नको लिहूस. दोन ओळी पुरे."

मी कागद घेतला. "महोदय" लिहिलं. मग "सविनय" लिहिलं. पुढे पेन हलेना. त्या उभ्या होत्या. केसांतला चष्मा डोळ्यांवर आणत होत्या, डोळ्यांवरचा केसांत.

मी छत्रीचं सांगितलं.

त्यांचा हात केसांतल्या चष्म्यावर तसाच राहिला. मग म्हणाल्या, "किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"वीस!" त्या खाली बसल्या. "अरे गाढवा, वीस मिनिटांत तर घोरायला लागले असतील सगळे! आणि मी इकडे डॉक्टरच्या दारात पाटी वाचतेय, वरची ओळ, खालची ओळ! त्या मेल्याने मला तीन थेंब घातले डोळ्यांत!"

"बाई, मी..."

"काय वाचत होतास?"

मी पुस्तकाचं नाव सांगितलं.

"बरं होतं का?"

"ठीक होतं."

"ठीक होतं," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं घातलीस माझी, आणि पुस्तक नुसतं ठीक."

अर्जाचा कागद त्यांनी उचलला, चार तुकडे केले आणि खिशात ठेवले. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "वहीत तू लिहिशील. तुझ्या हाताने. आणि सरांना तू सांगशील. मी सांगणार नाही."

"कराराचं पत्र येऊ दे फक्त. आठ दिवसांत येईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. झाडाचं पान उलटं करून बघत तसं.

"आठ दिवस," त्या म्हणाल्या. "मोजतेय मी."

सरांकडून त्यांनी पुन्हा एकदा नमुने घ्यायची परवानगी काढली. कारण दिलं नाही. सर कुरकुरले आणि कबूल झाले. सोळा सातवीचे, सोळा साध्या रांगेचे. बत्तीस नळ्या. ह्या खेपेला बाईंना स्वतःचाही भरवसा नव्हता. हवं ते दिसावं म्हणून हात नकळत घाई करतो, असं त्या म्हणत. म्हणून कुठली नळी कुठल्या झाडाची हे वाटताना त्यांनाच कळता कामा नये. त्यासाठी त्यांनी धाकटीला बोलावलं.

ती दुपार मला आयुष्यभर पुरेल. बाईंनी फरशीवर खडूने एक गोल काढला. "तू ह्यात उभा राहायचंस. थर्मास धरायचा. गोलाबाहेर पाय आला तर पाय तोडीन." मग त्या कापायला वाकल्या. धाकटी डब्यातून हाताला येईल ती नळी उचली, आपल्या यादीत त्या झाडापुढे तिचा नंबर टिपी, नळी पुढे करी आणि तुकडा पडताच थर्मासमध्ये सोडी. नंबर तिने बोटाखाली दाबून धरलेला असे.

"बघू नकोस गं ताई."

"बघत नाहीये. तू अंगठा सरकवलास."

"खिडकीत दोन वर्षं माझा उजेड खाल्लास, आता इथे उन्हात उभं केलंयस. ह्या शेंगांनी माझ्या आयुष्याची वाट लावलीय."

"सावली! तुझी वेणी! मागे घे ती वेणी!"

बत्तीस झाल्या. धाकटीने यादी लिफाफ्यात घातली आणि फेव्हिकॉलवर तिचा विश्वास नसल्यामुळे सुईदोऱ्याने शिवून टाकली. बत्तीसच्या बत्तीस वाटून झाल्यावरच उसवायची, असं ठरलं.

बाईंनी जुना खल काढला, लाल ठिपक्याचा. दिवसाला आठ नळ्या. हाताला थकवा आला की आकडा बदलतो, म्हणून नववी नाही. तीन दिवस आठ-आठ झाल्या. बाई आकडे आपल्या वहीत उतरवत आणि त्यांवर काही बोलत नसत. मी पलीकडून बघितले. काही पन्नासच्या आसपास होते. काही सत्तरच्या वर. कुठला कोणाचा ते लिफाफ्यात.

चौथ्या दिवशी त्यांनी तीन वाटल्या. मग खल बर्फावर ठेवला आणि कपाळ दाबलं.

"डोकं ठणकतंय. बाकीच्या उद्या." जाताना माझ्या टेबलापाशी थांबल्या. "पाच झाले," म्हणाल्या. मला वाटलं नळ्यांचं बोलतायत. पण त्या दिवस मोजत होत्या.

माझ्या खणात कराराचं पत्र होतं. सकाळीच आलं होतं. मी त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, आठ दिवस दिलेत तर तीन अजून आहेत.

घरी जाऊन त्या खुर्चीत बसल्या. धाकटीला वाटलं डोळा लागला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. रात्री दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच गेल्या.

शोकसभेत सरांनी चुकांची वही आणली. बाईंची ती नोंद वाचून दाखवली. म्हणाले, "हा त्यांचा प्रामाणिकपणा. वयाने नजर गेली, पण दोष त्यांनी दुसऱ्यावर ढकलला नाही." लोकांनी माना डोलावल्या. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. मी पण मान डोलावली. ती मान अजून माझ्या खांद्यांवर आहे ह्याचं मला नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तिला माहीत होतं?"

"हो."

"मग ती मला का नाही बोलली? मी तिला तोंडावर म्हटलं, वय होतं माणसाचं."

"मी बोलायचं ठरलं होतं."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. करार रद्द केला नाही. मला वाटतं, केला असता तर बरं वाटलं असतं, आणि ते त्यांना कळलं असावं. एवढंच म्हणाले, "वहीत लिही. त्याच पानावर, तिच्या नोंदीच्या खाली."

मी लिहिलं: "रांग ७. नमुन्यांआधी वीस मिनिटं झाडांवर छत्री." सही केली. कारण लिहायचं नसतं.

सातवीचा निर्णय सरांनी लांबणीवर टाकला. उपटली नाही, शेतातही पाठवली नाही. मी म्हटलं, सत्तावीस आकडे आहेत, लिफाफा उघडून बघू. सर म्हणाले, "बहिणीला विचार."

मी घरी गेलो. धाकटी मशीनवर बसली होती. खिडकीत एकही कुंडी नव्हती, सगळा उजेड तिच्या मशीनवर होता आणि ती त्याला पाठ करून शिवत होती. लिफाफा समोरच्या भिंतीला टाचणीने लावला होता.

"बत्तीस झाल्या का?" तिने विचारलं.

"नाही. पाच राहिल्यात. त्या वाटायला दुसरा हात नाही."

"मग कशाला आलास?" ती म्हणाली. पाय मशीनवर चालूच होते. "तुला सांगते, ती वरून ओरडेल माझ्यावर. मी नाही उसवणार."

पाच नळ्या टाकीत आहेत. नायट्रोजन उडून जातो, म्हणून दर सहा दिवसांनी वरून भरावा लागतो. ते काम मी मागून घेतलंय. सरांनी लाल ठिपक्याचा खल मला दिला नाही, दुसरा दिला. बाजारातल्या भाजीची पानं आणून मी वाटतो. काल त्रेपन्न सेकंद लागले. बोटं थरथरतात.

बाईंची वही त्यांच्या टेबलावर तशीच उघडी आहे. नंबर त्यांनी आधीच एकाखाली एक लिहून ठेवले होते. सत्तावीसपर्यंत आकडे आहेत. अठ्ठावीसच्या पुढे वेळही टाकलेली आहे, कारण त्या खल हातात घेण्याआधी वेळ लिहीत. अकरा वाजून चाळीस मिनिटं. त्यापुढे काही नाही. खाली एकोणतीस, तीस, एकतीस, बत्तीस.